कबड्डी सोडून काही येत नाही, तरी कॉलेजचा क्रीडा संचालक व्हावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २६, एमपीएड (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) झालेलं, विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळलेले, नेट (प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) थोडक्यात हुकलेलं. तालुक्याच्या एका कॉलेजने तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शारीरिक शिक्षण संचालकाचं काम देऊ केलंय. मित्र म्हणतात, त्यापेक्षा पतियाळ्याला जा, एनआयएस (तिथल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंगचा डिप्लोमा) कर आणि कबड्डीचा कोच हो. त्यात तुमची स्वतःची धास्ती ही, की कबड्डी सोडली तर दुसऱ्या कुठल्याच खेळात गती नाही, मग खो-खोपासून बुद्धिबळापर्यंत सगळं सांभाळायचं कसं? आणि शेवटचं म्हणजे, या नोकरीत पुढे काही वाढ आहे का?

मी मूळचा व्हॉलीबॉलचा. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अनुदानित कॉलेजात लागलो आणि निवृत्त होईपर्यंत जिमखाना सांभाळला. मधल्या काळात विद्यापीठाच्या निवड समित्यांवर होतो, संघ व्यवस्थापक म्हणूनही बराच फिरलो. त्यामुळे जे लिहितोय ते अशाच कॉलेजांबद्दल: दीड-दोन हजार पोरं, एक मैदान, एक शिपाई, एक संचालक. मुंबई-पुण्यातली मोठी स्वायत्त कॉलेजं आणि खासगी विद्यापीठं यांचं गणित वेगळं. तिथे खेळागणिक मानधनावर कोच ठेवतात. तिथला अनुभव इथे लावू नका आणि माझा तिथे.

नेट की एनआयएस हा प्रश्न दिसायला अभ्यासक्रमाचा आहे, पण मला त्याच्या तळाशी दुसराच प्रश्न दिसतो. कोच एका खेळात खोल जातो आणि संघाच्या निकालाला त्याचं नाव चिकटलेलं असतं. संचालकाचं तसं नसतं. ज्या खेळाचा चेंडू त्याने कधी हातात धरला नाही, त्या खेळातली पोरगी ठरलेल्या दिवशी, बरोबर कागद घेऊन, धडधाकट अंगाने मैदानावर उभी राहील एवढं बघणं हे त्याचं काम. ती जिंकली तर श्रेय तिचं आणि तिला शाळेत शिकवलेल्या गावच्या मास्तरांचं. हे तुम्हाला मनापासून चालणार असेल तर ही नोकरी तुमची. चालणार नसेल तर एनआयएसची वाट चांगली आहे, तिच्याबद्दल खाली लिहितो.

एकाच माणसाने सगळे खेळ बघायची ही रीत आपल्याकडे बरीचशी वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या वाटेने आली. हॅरी बक या अमेरिकन माणसाने १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारतीय संघाबरोबर गेला तोही हाच. मुंबई सरकारची कांदिवलीची प्रशिक्षण संस्था १९३८ ची. अमेरिकेतही त्या काळी असंच होतं. शिकागो विद्यापीठात एमॉस अलोन्झो स्टॅग १८९२ ते १९३२ अशी चाळीस वर्षं तिकडचा फुटबॉल शिकवत होता, बेसबॉल आणि धावण्याचे संघही त्याच्याकडे आणि विभागप्रमुखही तोच. तिकडे पुढे खेळात पैसा आला, प्रत्येक खेळाला वेगळा कोच आला आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टर टेबलामागे जाऊन बसला. आपल्याकडे पद एकाचं एकच राहिलं. कॉलेजात मराठीचे तीन प्राध्यापक असतील, शारीरिक शिक्षणाचा तुम्ही एकटा. वर विभागप्रमुख नाही, बरोबर सहकारी नाही, तुम्ही रजा टाकली की मैदान बंद. वर शिस्त समिती तुमच्याकडे, पंधरा ऑगस्टची परेड तुमच्याकडे आणि स्नेहसंमेलनातला गोंधळ आवरणंही तुमच्याकडेच. कारण काय, तर सरांचा आवाज मोठा आहे!

आता न खेळलेल्या खेळांची धास्ती. तिच्यावर उपाय आहे, आणि तो फार अवघडही नाही.

पहिल्याच वर्षी विद्यापीठाच्या यादीतल्या सगळ्या खेळांत नावं देऊ नका. नवीन माणूस प्राचार्यांना उत्साह दाखवायला ते करतो आणि दिवाळीपर्यंत दमतो. पाच-सहा खेळ निवडा. निवडताना आधी बघा की तुमच्या भागातली पोरं शाळेतून काय अंगात घेऊन येतात. तुमच्याच आवारात अकरावी-बारावी असेल तर ती मुलं जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या एकोणीस वर्षांखालील स्पर्धा खेळतात. त्या स्पर्धांना जाऊन बसा, तुमचा तीन वर्षांनंतरचा संघ तिथे दिसतो. मग मैदान बघा. पुरुष कबड्डीला १३ बाय १० मीटर जागा पुरते, व्हॉलीबॉलला १८ बाय ९, पण खो-खोला २७ बाय १६ लागते आणि बाजूला मोकळं आवार वेगळं. चारशे मीटरचा ट्रॅक फार थोड्या कॉलेजांत बसतो. दोनशेचा आखून घ्या, त्याने लाजायचं कारण नाही. क्रॉस कंट्रीला मैदानच लागत नाही. रस्ता आणि बूट असले की झालं. दुष्काळी पट्ट्यातल्या कितीतरी कॉलेजांनी विद्यापीठात नाव कमावलं ते याच खेळात. तिसरी गोष्ट, जवळपास तो खेळ शिकवणारं कोण आहे ते बघा.

या तिसऱ्या गोष्टीवर सगळा खेळ उभा आहे. कुस्ती तुम्ही शिकवायची नाही, ती तालमीतले वस्ताद शिकवतात. तुम्ही वस्तादांकडे जायचं, चहा प्यायचा आणि म्हणायचं की पोरं तुमचीच आहेत, कॉलेजकडून फक्त नाव लागतंय. खो-खोचा जुना राष्ट्रीय खेळाडू तालुक्यात बँकेत किंवा एसटीत नोकरीला असतो. त्याला संध्याकाळचा एक तास द्यायला आवडतं, कुणी मानाने विचारत नाही एवढंच. जिमखान्याच्या अंदाजपत्रकात मार्गदर्शकांचं मानधन अशी एक ओळ घालून घ्या, रक्कम छोटी असली तरी चालेल. फुकटात आलेला माणूस हंगाम सुरू झाला की येईनासा होतो.

पण सगळंच दुसऱ्यावर सोपवलं तर पोरं तुम्हाला मोजणार नाहीत. म्हणून प्रत्येक खेळाचं एवढं तरी स्वतःला यायलाच हवं: नियमपुस्तक पाठ, मैदान स्वतः फक्की मारून आखता येणं, त्या खेळाचा वॉर्मअप आणि नेहमीच्या दुखापती माहीत असणं. जमेल तशा त्या-त्या संघटनेच्या पंच परीक्षा द्या. व्हॉलीबॉल सोडून इतर खेळांत मला जे काही कळलं ते शिट्टी हातात घेतल्यावर कळलं. खेळाडू म्हणून आपण आपल्या जागेवरून बघतो, पंचाला सगळं मैदान बघावं लागतं. शिवाय पंच म्हणून गेलात की जिल्ह्यातले बाकीचे संचालक ओळखीचे होतात, आणि या एकट्याच्या नोकरीत तेच तुमचे सहकारी.

निवडीबद्दल एक सांगतो. खाशाबा जाधवांची गोष्ट कोल्हापूरकडे सगळ्यांना पाठ असते. राजाराम कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत अंगकाठी बघून क्रीडाशिक्षकांनी त्यांना कुस्तीत घेतलं नाही, ते थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्यापेक्षा थोराड मल्लांना हरवलं. पुढे १९५२ ला हेलसिंकीला जायच्या खर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिलं. लोकांना या गोष्टीतले प्राचार्य आठवतात. आपल्या धंद्यातल्या माणसाने तो नाव न उरलेला क्रीडाशिक्षक लक्षात ठेवावा. तुम्ही कबड्डीचे, तुमची नजर मांड्या आणि खांदे बघणार. क्रॉस कंट्रीची चांगली पोरगी त्या नजरेला आजारी वाटेल. म्हणून निवड चाचणी फळ्यावर तारीख लावून, सगळ्यांना खुली ठेवून घ्या, आणि तुमच्या खेळाबाहेरच्या चाचणीला त्या खेळाचा माणूस शेजारी बसवा.

मुलींचे संघ वेगळं लक्ष मागतात, आणि अडचण बहुतेक वेळा खेळाची नसते, शेवटच्या एसटीची असते. साडेपाचची गाडी चुकली तर पोरगी घरी कशी जाणार, हा प्रश्न सुटला नाही तर दुसऱ्या आठवड्यात ती सराव सोडते. मी मुलींचा सराव तासिकांच्या आधी, सकाळी ठेवायचो आणि गाडीच्या वेळेप्रमाणे हलवायचो. कपडे बदलायला कडी लागणारी खोली हवी. बाहेरगावी संघ जाणार असेल तर महिला व्यवस्थापक ठरल्याशिवाय नावं पाठवू नका. आणि घरी जाऊन वडिलांना भेटा. फोनवर 'बघतो' म्हणणारा बाप, सर स्वतः दारात आले की ऐकून घेतो.

बाकी वर्षाचं चक्र तुम्ही खेळाडू म्हणून पाहिलंय, आता त्याची मागची बाजू बघाल. जुलैत जिमखाना समितीची बैठक आणि अंदाजपत्रक. मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विभागाचा संघ. पुणे विद्यापीठात पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक असे विभाग, शिवाजी विद्यापीठात कोल्हापूर, सांगली, सातारा. आंतरविभागीय स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ, त्याचं शिबिर, आणि मग भारतीय विद्यापीठ संघाच्या (म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांच्या संघटनेच्या) पश्चिम विभागीय किंवा अखिल भारतीय स्पर्धा. तिथे वरच्या क्रमांकात आलेली विद्यापीठं खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेला जातात. ती २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झाली आणि तेव्हापासून विद्यापीठं या क्षेत्राकडे जरा गंभीरपणे बघायला लागली.

या सगळ्या साखळीत खेळाडू बाद होतो तो मैदानापेक्षा कागदावर जास्त. पात्रता अर्जावर दहावीच्या गुणपत्रिकेतलं नाव एक, आधारवरचं दुसरं, मुलीचं लग्न झालेलं असेल तर तिसरं. वयाची अट, बारावी होऊन किती वर्षं झाली, मध्ये प्रवेश खंडित होता का, दुसऱ्या विद्यापीठातून आला असेल तर त्याचे कागद. प्रवेशाच्या वेळीच, जूनमध्ये, खेळाडूंची वेगळी फाइल करा आणि मूळ कागद स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. बाहेरच्या राज्यात, सामन्याच्या आदल्या रात्री संघ व्यवस्थापकांच्या बैठकीत एखाद्या पोराचा अर्ज बाजूला काढला की तिथून काहीही करता येत नाही.

कागदाचीच दुसरी, जास्त नाजूक बाजू आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, विद्यापीठात क्रीडा गुण आहेत, त्यामुळे सहभागाच्या प्रमाणपत्राला किंमत आली. कबड्डीच्या बारा जणांच्या यादीत सात खेळतात, पाच बसतात. त्या बाराव्या नावासाठी फोन येतात. संस्थेच्या संचालक मंडळातल्या कुणाचा भाचा, कुणाचा पुतण्या. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजलेली तुम्ही वाचलीच असतील. पडताळणी आली की यादीवर सही कुणाची, एवढंच बघितलं जातं. माझा उपाय साधा होता. चाचणीचे गुण त्याच दिवशी फळ्यावर लावायचे, खाली बाहेरच्या निवडकर्त्याची सही. मग फोन आला तरी सांगता येतं की साहेब, यादी लागली.

पैशाचं थोडक्यात: अग्रिम उचलला की स्पर्धा संपल्याच्या आठवड्यात हिशेब द्या. कोटेशन, बिलं, प्रवासभत्त्यावर खेळाडूंच्या सह्या, साहित्याची डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद. फुटलेला चेंडूसुद्धा निर्लेखित केल्याशिवाय, म्हणजे नोंदीतून रीतसर वजा केल्याशिवाय, फेकू नका. ज्याचा हिशेब स्वच्छ त्याला पुढच्या वर्षी प्राचार्य जास्त पैसे देतात. पदकं मिळवून बिलं अडकवणाऱ्याला देत नाहीत.

आता वाढ. नियमित पद मिळालं तर सहायक प्राध्यापकाइतकीच वेतनश्रेणी, सातव्या आयोगाप्रमाणे लेव्हल १०, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. पुढे कॅस या पदोन्नती योजनेतून वरच्या श्रेणी मिळतात, त्याला उजळणी वर्ग, कामाचा लेखाजोखा, वगैरे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत पात्रता अशी: पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, नेट किंवा सेट ही राज्याची पात्रता परीक्षा (पीएचडी असेल तर नियमाप्रमाणे सूट), आंतरमहाविद्यालयीन, विद्यापीठ, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळल्याचा पुरावा, आणि शारीरिक क्षमता चाचणी. तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १,८०० मीटर. आज तुम्हाला हे वाचून हसू येईल. भरती रखडत रखडत पस्तिशीला पोहोचलेले आणि पोट सुटलेले उमेदवार मी या चाचणीत धापा टाकताना पाहिलेत. नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज करताना त्या जाहिरातीतली अट शब्दन् शब्द वाचा. नेटबरोबर सेटही द्या, महाराष्ट्रातच राहायचं असेल तर ती तितकीच कामाची.

विद्यापीठाचा क्रीडा संचालक होता येतं, पण त्याला पीएचडी आणि मोठा अनुभव लागतो, आणि सबंध राज्यात अशी पदं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ते लक्ष्य धरून या नोकरीत येऊ नका. त्यापेक्षा विद्यापीठाच्या निवड समित्या, संघ व्यवस्थापन, आपल्या कॉलेजात आंतरविभागीय स्पर्धा भरवणं, यांतून माणूस वाढतो. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमांना श्रेयांक आल्यामुळे आता वर्गावरचं कामही आहे. ते अंगावर पडलंय म्हणून कुरकुर करू नका. उद्या पदांची संख्या ठरवताना हाच कार्यभार दाखवायला लागेल.

आणि एक उघड गुपित. रिकामी पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत, आणि भरली जातात तेव्हा काही ठिकाणी संस्था पैसे मागतात. माझं मत विचाराल तर जमीन विकून हे पद घेऊ नका. त्या रकमेत गावात चांगली अकादमी उभी राहते.

एनआयएसचं म्हणाल तर पतियाळ्याची संस्था १९६१ पासून कोच घडवतेय, तिथला डिप्लोमा वर्षभराचा आहे आणि त्याला देशभर मान आहे. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. तो करायला हरकत नाही, पण तो म्हणजे डिप्लोमा नव्हे. डिप्लोमानंतर क्रीडा प्राधिकरण, खेलो इंडियाची केंद्रं, खासगी अकादम्या असे रस्ते आहेत. यातलं बरंचसं काम करारावर असतं आणि करार निकालावर. कबड्डीत २०१४ च्या प्रो लीगपासून मागणी वाढलीय हे खरं. एमपीएससीतून जिल्हा किंवा तालुका क्रीडा अधिकारी होण्याची तिसरी वाट तुम्ही लिहिली नाहीत. जाहिरात क्वचित निघते, तरी अभ्यास चालू ठेवा.

तुमची परिस्थिती मला पूर्ण माहीत नाही. घरी शेती आहे का, तुमच्या पगारावर कोण अवलंबून आहे, यावर बरंच ठरतं. पण तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून माझा सल्ला: तासिकेचं काम एक हंगाम घ्या आणि नेट-सेटचा अभ्यास सोडू नका. वर्षभरात कबड्डी सोडून दुसऱ्या एका खेळाचा संघ, समजा मुलींचा खो-खो, उभा करून बघा. त्यात मन रमलं तर संचालकाच्या वाटेने जा. सबंध हंगामात तुमचे पाय फक्त कबड्डीच्या मैदानाकडेच वळत असतील तर पुढच्या वर्षी डिप्लोमाचा अर्ज भरा. तोपर्यंत तुम्ही सत्तावीसचे असाल, उशीर झालेला नसेल.

हो म्हणण्याआधी प्राचार्यांना काही गोष्टी स्पष्ट विचारा. पात्रता अर्जांवर आणि संघाच्या यादीवर सही कुणाची असेल? तुमची नसेल तर काम तुमचं आणि अधिकार दुसऱ्याचा, असं वर्ष जाईल. जिमखाना फीमधली किती रक्कम प्रत्यक्ष खेळांवर खर्चायला मिळेल? संघाबरोबर बाहेरगावी गेलात तर त्या दिवसांच्या तासिका धरणार की कापणार? हे लेखी घ्या, कारण सप्टेंबर ते जानेवारी तुम्ही कॉलेजात कमी आणि बाहेर जास्त असणार आहात. मानधन दरमहा निघतं का वर्षाच्या शेवटी एकदम, हे प्राचार्यांपेक्षा तिथल्या क्लार्कला विचारा. आणि शैक्षणिक वर्ष संपलं की त्याच आठवड्यात अनुभवाचा दाखला जावक क्रमांक आणि शिक्क्यासह मागून घ्या. प्राचार्य बदलले की जुने दाखले मिळवायला फार चकरा पडतात.